दोन ते आठच्या आत

माझी बायको नऊ वर्षांत एकही रात्र आमच्या फ्रिजपासून लांब झोपली नव्हती. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे दयेनं पाहिलं, म्हणून खुलासा करतो. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, लोण्याच्या डब्याशेजारी, तिचं इन्शुलिन असतं. ते दोन ते आठ अंश थंडाव्यात राहावं लागतं. आठच्या वर गेलं की हळूहळू वाया जातं आणि गोठलं तर एका क्षणात वाया जातं. वाईट हे, की वाया गेल्यावरही ते दिसायला तसंच दिसतं.

हे आम्हाला नऊ वर्षांपूर्वी कळलं. तिच्या मोठ्या बहिणीकडे आम्ही निघालो होतो. इन्शुलिन बर्फाच्या थर्मासात घातलं होतं. बर्फ मी भरला होता आणि चांगला ठासून भरला होता. मी कुठलंच काम अर्धवट करत नाही. बाटल्या बर्फाला चिकटून गोठल्या, पुढे वितळल्या, आणि हिनं त्यातलंच दोन दिवस टोचून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिला रस्त्यातल्या एका इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे आठ दिवस काढून आम्ही वाटेतूनच घरी परत आलो. त्या आठ दिवसांत ती मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बायकोच्या मोठ्या बहिणीला आकडसासू म्हणतात. या शब्दात सासू नंतर येते, आकड आधीच येऊन बसलेली असते. पण आमची आकडसासू, म्हणजे हिची ताई, अगदी मऊ स्वभावाची. वय शहात्तर, गुडघे कामातून गेलेले, राहायला डोंगरातल्या एका लहान गावात. आमच्या घरापासून तीन दिवसांचा रस्ता. गावात औषधांचं दुकान नाही, आणि वीज पाहुण्यासारखी, म्हणजे येते आणि चहा व्हायच्या आत जाते. ताई येऊ शकत नव्हती आणि ही जाऊ शकत नव्हती. रोज सकाळी सात वाजता दोघी फोनवर बोलायच्या. काय बोलतात म्हणून मी एकदा कान दिला. ताई तिच्या कुंड्यांबद्दल सांगत होती, एकेका रोपाची नावानिशी खबर. नऊ वर्षं हेच चाललं होतं.

तेव्हा मी ठरवलं, की ही फ्रिजपासून लांब जात नसेल तर फ्रिज बरोबर घेऊन जायचा.

गाडी मिळाली ती जुनी होती. पूर्वी तिच्यात गुराढोरांचा फिरता दवाखाना होता. कुणीतरी ती घेऊन आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली होती, आणि तेवढ्यात त्याचा उत्साह संपला होता. ऊन तापलं की गाडीत अजून मेंढीचा वास यायचा. ही म्हणाली, येऊ दे, त्या बिचाऱ्या बऱ्या होऊन गेल्या असतील. नुसतं गाडी म्हणणं तिला रुक्ष वाटलं. तिनं तिचं नाव बिऱ्हाड ठेवलं.

बिऱ्हाडात फ्रिज नव्हता, फ्रिजची रिकामी जागा होती. तो निवडायला आम्ही अशाच गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा होता. त्यानं तीन प्रकार दाखवले. पहिला गॅसवर चालायचा, बॅटरीवर चालायचा, घरच्या विजेवरही चालायचा, थोडक्यात सर्वपक्षीय. त्याला एकच अट होती. गाडी अगदी सपाट जागेवर उभी पाहिजे, तिरकी राहिली की तो रुसतो. ताईच्या गावात सपाट म्हणण्यासारखी जागा फक्त जेवणाच्या टेबलावर आहे, तेव्हा तो बाद झाला. दुसरी होती एक थंड पेटी. स्वस्त, हलकी आणि अतिशय नम्र. ती बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश थंड राहायची, म्हणजे बाहेर चाळीस असलं की आत वीस. तिसरा घरच्यासारखाच कॉम्प्रेसरचा, पण गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. तिरका चालतो, उन्हात चालतो, वीजही बेतानं खातो. किंमत ऐकून मी पुन्हा थंड पेटीकडे आदरानं पाहिलं.

बायकोनं मात्र पेटीकडे पाहिलंही नाही. ती पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं पर्समधून इन्शुलिनचं रिकामं खोकं आणि काट्याऐवजी आकडे दाखवणारा एक छोटा थर्मामीटर काढला. हा थर्मामीटर दिवसभरातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान लक्षात ठेवतो. तिनं तिसरा फ्रिज सुरू करायला सांगितला, खोकं आणि थर्मामीटर आत ठेवला, दार लावलं आणि दुकानदाराकडे खुर्ची मागितली. दोन तास ती त्या फ्रिजसमोर बसून होती. मधल्या वेळात एक जोडपं आलं, तिला दुकानातलीच समजून त्यांनी गॅसवाल्याची चौकशी केली. तिनं तुमची गाडी कुठे उभी राहते, उतारावर का, असं नीट विचारून त्यांना तो घेऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी कॉम्प्रेसरचा घेतला. दुकानदारानं मग आमच्यासाठी चहा मागवला.

दोन तासांनी थर्मामीटर चारवर होता. फ्रिज आमचा झाला.

आता त्याला वीज देणं आलं. हे काम टेस्टरचं. टेस्टर म्हणजे आमचा वायरमन. त्याच्या खिशाला पेनाच्या जागी कायम टेस्टर अडकवलेला असतो म्हणून त्याला सगळे टेस्टरच म्हणतात. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा गृहस्थ. त्यानं टपावर सौर पट्ट्या बसवल्या, पलंगाखाली दोन बॅटऱ्या ठेवल्या, आणि फ्रिज दिवसाला किती खाईल, ऊन किती देईल याची बेरीज-वजाबाकी गाडीच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलनं केली. ती अजून तिथेच आहे. दोन दिवस ऊन पडलं नाही तरी चालेल, असं उत्तर आलं.

शेवटी त्यानं विचारलं, मेन स्विच कुठे लावू? सगळी वीज एका जागी तोडता यावी म्हणून एक लाल खटका असतो. तो पलंगाखाली, बॅटरीपाशी लावायच्या बेतात होता. मी त्याला थांबवलं. मेन स्विचमधलं मला कळतं. दाराच्या उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, याहून दुसरी जागा त्याला शोभत नाही. माणूस बाहेर पडताना हात आपोआप तिथे जातो.

हे मला कळतं, कारण चौतीस वर्षं मी कापडाच्या गोदामावर होतो. सकाळी पहिला आत येणारा मी आणि संध्याकाळी शेवटचा बाहेर पडणारा मी. आत येताना खटका वर, जाताना खटका खाली. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शेजारचं गोदाम कुणीतरी चालू ठेवलेल्या इस्त्रीमुळे जळालं. सकाळी आम्ही सगळे त्या काळ्या भिंतींसमोर उभे होतो. त्यानंतर आमच्या गोदामात चौतीस वर्षं पुरी होईपर्यंत ठिणगी पडली नाही. सवय अशी लागली, की माझ्या निरोप समारंभात साहेबांच्या भाषणाच्या मध्यावर मी पाणी प्यायला बाहेर गेलो, आणि उरलेलं भाषण साहेबांनी अंधारात केलं.

घरी ही सवय फारशी राहिलेली नाही, असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे, पण ते ती बहुतेक वेळा काळोख्या आंघोळघरातून ओरडून सांगते, त्यामुळे नीट ऐकू येत नाही. घरच्या फ्रिजच्या बटणावर मात्र तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चिकटपट्टी लावून ठेवली आहे. मुलांचा हात जाऊ नये म्हणून. लग्नाच्या पहिल्या वर्षी मुलं नव्हती हे खरं, पण ती पहिल्यापासूनच दूरचं बघणारी. मुलगा आता चाळिशीला टेकलाय, दुसऱ्या देशात राहतो, तरी पट्टी जुनी झाली की ती नवी लावते. आईचं मन म्हणतात ते हेच.

तर सगळी तयारी झाली आणि हिनं आपली अट सांगितली. बिऱ्हाड अंगणात उभं राहील. खरं इन्शुलिन घरीच. गाडीतल्या फ्रिजमध्ये इन्शुलिनच्या खोक्यात पाण्याच्या बाटल्या आणि थर्मामीटर. सलग सात दिवस आकडा दोन ते आठच्या आत राहिला तर आठव्या दिवशी निघायचं. एकदा जरी बाहेर गेला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्यासाठी तिनं शाळेच्या वेळची एक वही काढली, रकाने आखले. तारीख, कमीत कमी, जास्तीत जास्त, शेरा. शेऱ्यात काय लिहितेस, असं मी विचारलं तर म्हणाली, विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या वहीत डोकावू नये.

तिकडे ताईनं फोनवर ही अट ऐकली आणि त्याच दिवशी घरासमोरच्या सगळ्या कुंड्या बाजूला हलवून घेतल्या. बिऱ्हाड उभं करायला जागा नको का? एकवीस कुंड्या. गुडघे धरून, शेजाऱ्यांना हाताशी घेऊन, दिवसभर तेच केलं. रोपांना नव्या जागेवर ऊन उलट बाजूनं लागतंय, पण आठवडाभर सोसतील म्हणाली.

तीन दिवस छान गेले. मी दिवसातून तीन-चारदा गाडीत जाऊन फ्रिजची विचारपूस करून येत असे. कधीही जा, आत पाऊल टाकावं आणि दिवा लागावा तोवर तो घुं करून कामाला लागलेला. असा कष्टाळू फ्रिज मी पाहिला नव्हता. संध्याकाळी पाचला आम्ही दोघं चहा घेऊन बिऱ्हाडात बसायचो. पायरी उंच म्हणून मी आधी चढून हिला हात द्यायचो, आणि जाताना किटली आणि कप घेऊन मी मागून उतरायचो. या वयात अंगणातल्या अंगणात प्रवासाला निघालेलं जोडपं म्हणून शेजारी कुंपणावरून हात हलवायचे.

चौथ्या दिवशी सकाळी थर्मामीटर म्हणाला, चौदा.

टेस्टर आला. त्यानं फ्रिजच्या पाठीला हात लावला आणि म्हणाला, याला मागून हवा नाही, गरम श्वास जायला वाट पाहिजे. गाडीच्या अंगाला दोन झरोके पाडले, एक छोटा पंखा बसवला. मोजणी पुन्हा एकपासून. ताईला आणखी एक आठवडा सांगितला.

या वेळी चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी बाराचा आकडा लागला. टेस्टरनं वायर तपासली. म्हणाला, वायर बारीक आहे, बॅटरीतून निघालेला जोर फ्रिजपर्यंत पोचेतो वाटेतच दमतो. जाड वायर घातली. तरी त्याचं समाधान होईना, म्हणून फ्रिज उचलून आपल्या दुकानात नेला, दोन दिवस तिथल्या बॅटरीवर चालवला. दोन्ही दिवस चारच्या वर गेला नाही. त्यानं तो परत आणून बसवताना माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि म्हणाला, काका, माझ्याकडे तो शहाण्यासारखा वागतो. पुढच्या वाक्याआधी त्यानं पुष्कळ वेळ घेतला आणि मग ते वाक्य म्हटलंच नाही.

तिसरी मोजणी. ही आता शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात बरंच काही लिहू लागली होती. ऊन होतं की ढग, गाडीवर सावली किती वाजता आली, कोण कधी आत गेलं. मी फ्रिजच्या भेटी वाढवल्या. दुपारी जेवून एक फेरी, झोपून उठल्यावर एक, कधीमधी रात्री झोपण्याआधी उगाच एक. आजारी माणसाला सोबत असलेली बरी. सहा दिवस झाले. सातव्या दिवसाची सकाळ उजाडली आणि थर्मामीटरनं पंधरा दाखवले.

ही वही हातात धरून गाडीच्या पायरीवर बसली. मी म्हटलं, टेस्टरला बोलावतो. ती वहीची मागची पानं उलटत राहिली. सात वाजले होते, फोन वाजला. ताईचा आवाज खणखणीत आहे, मला पलीकडचं ऐकू आलं.

"काय गं, निघताय ना उद्या?"

ही म्हणाली, पंधरा झाला.

 मग ताई म्हणाली, "मग कुंड्या परत जागेवर ठेवू का? तसं काही नाही, पण रोपं वाकडी होतायत."

"ठेव परत," ही म्हणाली.

ताई पुढे काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण हिनं फोन कानाला घट्ट धरला होता. मग तो बंद करून ती घरात गेली. जाताना वही मात्र नेली.

मी एकटाच बिऱ्हाडात चढलो. फ्रिज घुमायला लागला. त्याच्यासमोर, ही दुकानात बसली होती तसा, बसून राहिलो. नऊ वर्षांपूर्वी थर्मासात बर्फ ठासताना किती जोर लावला होता ते हाताला आठवत होतं. आधी बर्फ, आता हा. एकवीस कुंड्या एक शहात्तर वर्षांची बाई गुडघे धरून परत हलवणार होती. त्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या बेरजेत कुठे चूक आहे का म्हणून मी ती तीनदा केली. तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं. असं बरोबर उत्तर काय कामाचं?

अर्ध्या तासानं मी रिकाम्या हातांनी बाहेर आलो, दार लावलं. ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती आणि थेट माझ्याकडेच बघत होती. तोंडावर हात ठेवला होता. मला वाटलं आता ती रडणार. तर ती हसायला लागली. खिडकीचा गज धरून हसत होती, आणि मग खरंच तिनं डोळे पुसले. माणसाला फार लागलं की असं होतं, हे मी ऐकून होतो. मी घाबरून आत गेलो तर मला म्हणाली, काही नाही, तुम्ही बाजारात जा आणि दोन किलो टोमॅटो आणा. घरात दोघं माणसं, दोन किलो टोमॅटो कशाला, हे विचारायची ती वेळ नव्हती. वर म्हणाली, घाई करू नका, चांगले बघून घ्या.

मी चांगले बघून घेतले. परत आलो तेव्हा टेस्टर सायकलवर बसून निघण्याच्या बेतात होता. मी हाक मारली तर त्यानं मान खाली घालून, झालं काका, एवढंच म्हटलं आणि गेला. जाताना त्याचे खांदे हलत होते. रस्ता खराब आहे आमच्याकडचा.

गाडीत दोन बदल झाले होते. त्या लाल खटक्यावर साबणाच्या डबीचं झाकण उपडं घालून चार स्क्रूंनी पक्कं केलं होतं. आणि त्याच्या खाली, थोडं अलीकडे, हाताला आणखी सोपं पडेल असं, एक नवं कोरं पांढरं बटण बसवलं होतं. मोठं, चौकोनी, दाबलं की टक्कन वाजणारं.

मी विचारलं, हे काय?

"हे आता मेन," ही म्हणाली. "तो जुना खटकाच खराब होता. आत येताना हे लावत जा, जाताना बंद करत जा. न चुकता."

मी ते दाबून पाहिलं. काय आवाज होता! गोदामातल्या खटक्यानंतर इतका खात्रीचा आवाज मी ऐकला नव्हता. बटण बंद करून फ्रिज कसा चालेल, असं एकदा माझ्या मनात आलं आणि मी तसं म्हटलंही. तिनं शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, की टेस्टरनं फ्रिज सरळ बॅटरीला जोडलाय आणि बाकी सगळं या बटणावर आहे. मला पटलं. चाळीस मुलांना तिनं प्रकाश सरळ रेषेत जातो हे पटवलं आहे.

चौथी मोजणी. पहिला दिवस चार. दुसरा पाच. मी पूर्वीइतक्याच फेऱ्या घालत होतो, प्रत्येक वेळी टक्, प्रत्येक वेळी टक्. तिसरा चार, चौथा चार. पाचव्या दिवशी ऊन नव्हतं तरी पाच. ही वहीत आकडे लिहायची आणि शेऱ्याची जागा कोरी ठेवायची. सातव्या दिवशी सकाळी तिनं जास्तीत जास्तच्या रकान्यात सहा लिहिलं, वही मिटली, घरच्या फ्रिजपाशी गेली आणि लोण्याच्या डब्याशेजारची खोकी एकेक करून टोपलीत भरू लागली. तीन महिन्यांचं इन्शुलिन होतं. टोपली गाडीपर्यंत तिनं स्वतः नेली. मी हात पुढे केला तर म्हणाली, तुम्ही दार धरा.

तीन दिवसांच्या रस्त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. दर थांब्यावर ती आधी फ्रिज उघडायची, आकडा बघायची, मग समोर काय दिसतंय ते बघायची. पहिल्या दिवशी आकडा पुष्कळ वेळा आणि डोंगर एकदाच पाहिला. तिसऱ्या दिवशी उलट झालं. एका ठिकाणी तर नदी बघण्याच्या नादात ती आकडा बघायलाच विसरली. मी आठवण करून दिली नाही. जाऊन चोरून पाहिला. चार होता.

ताईच्या घरासमोर पोचलो तर जागा रिकामी होती. कुंड्या भिंतीशी एका रांगेत, रोपं सगळी एका अंगाला कललेली. ही खाली उतरली आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "तू परत ठेवणार होतीस ना?"

"तू सांगितलंस," ताई म्हणाली. "मी कुठे ठेवल्या?"

मग दोघी तिथेच, उंबऱ्याच्या अलीकडे, एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मधल्या वर्षांत दोघींची उंची कमी झाली होती. मी बिऱ्हाडाच्या चाकांना दगड लावायचं निमित्त काढून चौथ्या चाकालाही पुष्कळ वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कुणाचाच फोन वाजला नाही. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून तेच बोलत होत्या जे फोनवर बोलायच्या. कोणत्या रोपाला कळी आली वगैरे. मी बिऱ्हाडात आवराआवर करत होतो. डोंगरातल्या रस्त्यानं गाडी हलली होती, त्यामुळे माझ्या त्या पांढऱ्या बटणाचा एक स्क्रू सैल झाला होता. मी पेचकस घेतला. घट्ट करण्याआधी आतल्या वायरी जागेवर आहेत ना ते बघावं म्हणून बटण बाहेर ओढलं.

ते अलगद हातात आलं. मागे वायर नव्हती. एकही नाही. मागे गाडीची भिंत होती आणि भिंतीवर टेस्टरच्या पेन्सिलीची एक फुली.

मी फ्रिजकडे पाहिलं. तो घुमत होता. दिवाही लागलेला होता. टेस्टरनं दिवा दाराला जोडला होता, दार उघडलं की लागायचा, लावलं की विझायचा, आणि मी रोज त्याचं श्रेय या बटणाला देत होतो, हे मला तेव्हा, बटण हातात धरून उभा असताना कळलं.

फ्रिजवर तिची वही पडली होती. शिक्षकांच्या वहीत डोकावू नये हे ठाऊक होतं, पण मी आता सदुसष्ट वर्षांचा आहे. तिसऱ्या मोजणीचं पान काढलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. संध्याकाळी ह्यांच्या हातात किटली, रात्री फेरी नाही: पाच. हातात किटली, रात्री पावसाची चिन्हं, काठी आणि विजेरी घेऊन गेले: चार. आणि सातव्या दिवशी, रात्री झोपण्याआधी उगाच गेले, दोन्ही हात रिकामे: पंधरा. रिकामे या शब्दाखाली नंतर, वेगळ्या पेननं, तांबडी रेघ ओढली होती. मागच्या दोन मोजण्यांतही जिथे आकडा चढला होता तिथे तशीच तांबडी रेघ. या सगळ्याच्या पुढे तिनं फक्त एक ओळ लिहिली होती. फ्रिज निर्दोष.

दोषी कोण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी पुढची कोरी पानंही उलटून पाहिली.

मी टेस्टरला फोन लावला. म्हटलं, त्या पांढऱ्या बटणाचा स्क्रू सैल झालाय, कुठल्या मापाचा आहे? त्यानं माप सांगितलं. मग मी सहज विचारलं, बटण कसं आहे रे, टिकाऊ आहे ना?

तिकडे तो आधी खोकला. मग तो म्हणाला, "काका, काकूंनी मला शपथ घातलीय, त्यामुळे जास्त बोलत नाही. पण ते बटण कधी जळणार नाही, एवढी हमी देतो."

मी फोन ठेवला आणि बसलो. मला घरचा फ्रिज आठवला. त्याच्या बटणावरची चिकटपट्टी. लग्नाचं पहिलं वर्ष, घरात मुलं नाहीत, आणि मी नुकताच गोदामावर लागलेलो. पट्टी पुढे कितीदा बदलली असेल? बेचाळीस वर्षं ती बाई आमच्या घरातलं दूध, लोणी आणि पुढे स्वतःचं औषध माझ्या हातापासून वाचवत आली, आणि मला सांगितलं काय, तर काहीच नाही. मुलांचं नाव मीच पुढे केलं होतं. तिनं फक्त होकार दिला असेल.

मी बटण परत भिंतीला लावलं. स्क्रू चांगला घट्ट केला. मी कुठलंच काम अर्धवट करत नाही. वही जशी होती तशी, त्याच कोनात, फ्रिजवर ठेवली. फ्रिज उघडून आकडा पाहिला. पाच. खोकी नीट रांगेत होती.

बाहेर पडताना हात उजवीकडे गेला. मी त्याला जाऊ दिला. टक्.

ताईच्या दारात ही उभी होती, हातात एक कुंडी घेऊन. कललेल्या रोपाची उन्हाकडची बाजू फिरवून ठेवत होती. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "बंद केलंत?"

"केलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

तिनं कुंडी खाली ठेवली, हात झटकले, आणि ओठ अगदी घट्ट मिटून आत चहा टाकायला गेली. बिऱ्हाडात, माझ्या पाठीमागे, फ्रिज घुमत होता.